पिवळा दोरा

२ एप्रिल

चिमे,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते कापता येत नाही. फार तर फाडशील. फाडलंस तर तुकडे सुक्या कचऱ्यात टाक, एवढं तरी मोठ्या बहिणीसाठी कर.

जुन्या वीजबिलांच्या पाठीवर लिहितेय. नाक मुरडू नकोस, बाजू कोरी आहे.

आपलं भरणघर छान चाललंय. ‘आपलं’ म्हटलं, कारण सायकली ठेवायची ती अंधारी खोली झाडून पहिला डबा तूच मांडला होतास, हे मी कुणालाही सांगते. आता इमारतीतलं एकही घर साबणाचं, तेलाचं किंवा फरशीच्या औषधाचं पाकीट विकत आणत नाही. रिकामी बाटली फळीवर ठेवायची, भरलेली उचलायची. कचऱ्याची गाडी येते तेव्हा आमच्या दारात थांबून गाडीवाला विचारतो, “एवढाच? लोक गावाला गेलेत का?” त्या वाक्यासाठी मी रोज सकाळी मुद्दाम खाली उभी असते. हसू नकोस.

आणि दोऱ्यांची पद्धत व्यवस्थित चालते. बाटल्या सगळ्या सारख्याच आहेत, त्या बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेल्या. पिवळा दोरा म्हणजे पोटात जाणारं, लाल दोरा म्हणजे न जाणारं. वाचता न येणाऱ्यालाही कळतं. दोरा सुती, रंग घरचा. पिवळ्यासाठी हळद, आणि तोच दोरा धुण्याच्या सोड्यात बुडवला की लाल. कारखान्याचा रंग नको, गोंद नको, प्लॅस्टिकचा स्टिकर नको. वर्ष झालं, एक तक्रार नाही.

गेल्या वर्षी भर सभेत मी तुला म्हणाले होते, “तुला जग वाचवायचं नाही, तुला स्टिकर चिकटवायचेत.” सगळे हसले आणि तू बॅग भरलीस. वाक्य जरा जास्त लागलं असेल, मान्य. पण मुद्दा माझाच बरोबर होता, हे आता तरी कबूल कर.

सोळा तारखेला नगरपालिकेच्या बाई भरणघर बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर या भागातल्या सगळ्या इमारतींत असं एकेक भरणघर होईल. चेअरमनसाहेबांनी आत्तापासूनच कोट इस्त्रीला दिलाय. एवढ्या उन्हात कोट! मी म्हटलं, साहेब, पाहणी भरणघराची आहे, तुमची नाही. तर म्हणतात, “ताई, माल चांगला असला तरी दुकानदार नीट दिसावा लागतो.”

तू आली असतीस तर बरं वाटलं असतं.

तुझी ताई

८ एप्रिल

चिमे,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहिणार.

उन्हाळा कडक आहे. यंदा मी नवीन काढलंय ते म्हणजे सरबताचा पाक. लोक थंड पेयांच्या बाटल्या आणायचे, दोन घोट पिऊन फेकायचे. मी साखरेचा साधा पाक करून फळीवर ठेवला. घरी न्या, लिंबू पिळा, पाणी घाला. पहिल्या आठवड्यात कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीकाकूंनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं, “पाक ताईचा चांगला आहे. ताईपेक्षा गोड आहे.” दुसऱ्या दिवशी फळी रिकामी.

काकूंची जीभ तशीच आहे, तू गेलीस तेव्हा होती तशी. शिंपीकाका आता रोज संध्याकाळी भरणघरात बसतात. मशीनवर बसून पाय आखडतात म्हणे, म्हणून फळीवरून बाटल्या काढून द्यायचं काम मागून घेतलंय. काकू म्हणतात, “घरात एक पेला जागचा हलवत नाही हा माणूस, तिथे समाजसेवा करतोय.”

परवा एक मजा केली. पाकाची चव लोकांना कळावी म्हणून खाली सगळ्यांना सरबत दिलं. लिंबाच्या साली टोपलीभर उरल्या. टाकवेनात. मग त्याच सालींनी फळीवरच्या झाडून सगळ्या बाटल्या पुसून काढल्या. काच अशी लखलखली की काका म्हणाले, “ताई, आता आरसे काढायला हरकत नाही.” त्या संध्याकाळी पाकाच्या बऱ्याच बाटल्या गेल्या. चार तर चेअरमनसाहेबांनीच नेल्या. सोळा तारखेच्या पाहुण्यांना सरबत याच पाकाचं द्यायचं, असं त्यांनी ठरवलंय. काकांनी फळीवरून काढून दिल्या आणि साहेबांनी सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. “नाहीतर पाहुण्यांच्या आधी आपलेच लोक संपवतील,” म्हणाले.

बाकी सगळं क्षेम.

ताई

ता. क. सहज विचारते. तू साबणाच्या कारखान्यात तपासणीला बसतेस, तुला माहीत असेल. मोरी मोकळी करायला आपण तो कॉस्टिक सोडा पाण्यात घट्ट विरघळवून ठेवतो ना, त्याला वास असतो का? मी हुंगून पाहिला, मला काही आला नाही. पण उन्हाळ्यात माझं नाक चोंदलेलं असतं.

११ एप्रिल

चिमे,

तुझं पत्र अजून नाही. टपाल दोन दिवस घेतं, मला कळतं. पण तू घाई करायला हवी होतीस असं वाटत राहतं, आणि घाई का ते मी तुला सांगितलेलंच नाही.

तर ऐक. काही झालेलं नाही. आधी हे वाच, मग पुढचं.

साली चोळल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाल दोऱ्याच्या फळीशी उभी होते. सोड्याच्या एका बाटलीचा दोरा अर्धा लाल आणि अर्धा पिवळा दिसला. मला वाटलं उजेडाचा खेळ. बाहेर आणून बघितला. अर्धा पिवळाच होता. जिथे लिंबाचं पाणी ओघळलं होतं, बरोबर तिथे.

तू आत्ता कपाळावर हात मारला असशील. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, आणि आंबट लागलं की परत पिवळा, हे आपण दोघींनी परकरांवर पाहिलेलं आहे. मी स्वतः सोड्यात बुडवून दोरे लाल केले. आणि स्वतःच लिंबू चोळलं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण त्यांची एकमेकींशी गाठ पडली नाही.

मग सोड्याच्या बाटल्या मोजल्या. एक कमी आहे.

मी पुसताना सगळ्या बाटल्या ओट्यावर उतरवल्या होत्या आणि परत लावताना दोरे बघून लावल्या. पिवळ्यांत पिवळ्या, लालांत लाल. म्हणजे एखादा दोरा पूर्ण पिवळा झाला असेल तर ती बाटली पाकाच्या फळीवर गेली. पाक घट्ट आणि पारदर्शक. सोडाही तसाच. काचेतून बघितलं तर मलाच ओळखता येईना.

किंवा मी आधीच मोजणीत चुकले असेन. तेही शक्य आहे. एखादी बाटली फुटली असेल आणि काका सांगायला विसरले असतील. मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ते विचारतील, का.

मी कुणालाच सांगितलेलं नाही. पाच दिवसांवर पाहणी आहे. आज जिन्यात ओरडून सांगितलं तर संध्याकाळपर्यंत भरणघराला टाळं लागेल, आणि बाई टाळं बघून परत जातील. मग सगळ्या भागात परत पाकिटं, परत गाडीभर कचरा. एका बाटलीपायी. तीसुद्धा बहुतेक कुठेच नसलेल्या.

माझ्या डोक्यात एक युक्ती आहे. उद्यापासून मी दारोदार जाऊन दोरे बदलणार. पाहणीसाठी नवे दोरे, असं सांगायचं. बुचापाशी ओघळलेल्या थेंबाला कोरा पिवळा दोरा लावायचा. पाक असेल तर पिवळाच राहील. लाल झाला तर तीच बाटली. ती पिशवीत घालायची आणि दुसरी द्यायची. कुणाला कळणारही नाही.

तू हे बरोबर आहे म्हणशील ना?

ताई

१३ एप्रिल

चिमे,

काल आणि आज मिळून सगळी दारं झाली. पाय दुखतायत. पण थोडं हसूही येतंय, तेही सांगते.

दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “या, दोरेवाल्या बाई. आमच्या हॉस्पिटलात सलाईनच्या बाटलीलासुद्धा नाव-गाव असतं. तुमच्या बाटल्यांना नुसतं मंगळसूत्र.” मी हसले. माझ्या हातून दोरा दोनदा सुटला तो त्यांनी बघितला. “साखर तपासून घ्या,” म्हणाल्या. त्यांची बाटली पाकाचीच निघाली.

पहिल्या मजल्यावर सासूसुनेचं भांडण चालू होतं, कुणाच्या सरबतात किती पाक यावरून. त्या दोघींचंही पिवळंच राहिलं. मला त्या भांडणाचा इतका आनंद झाला की मी तिथेच बसून अर्धा तास ऐकलं. ज्या घरात सरबत पिऊन भांडतायत, त्या घरातली बाटली चांगलीच असणार.

तिसऱ्या मजल्यावर काकूंनी चहा टाकला. मी स्वयंपाकघरात बुचाला दोरा लावत होते. त्या गॅसपाशी, पाठमोऱ्या. वळल्या नाहीत, तशाच म्हणाल्या, “ताई, काय शोधताय?”

“शोधतेय कुठे? दोरे जुने झालेत.”

“मी पन्नास वर्षं दोऱ्याबरोबर संसार केला. दोरा जुना झाला की विटतो. हे दोरे विटलेले नाहीत.”

मी म्हटलं, “काकू, नगरपालिकेच्या बाई येणार, जरा नवीन दिसायला हवेत.”

“हं,” म्हणाल्या आणि चहा गाळला. बिस्कीट पुढे केलं. त्यांच्याही बाटलीत पाकच होता. मी चहा पूर्ण प्यायले. तो कसा होता आठवत नाही.

सगळी घरं झाली, चिमे. एकाही घरात दोरा लाल झाला नाही. फळीवर उरलेल्या पाकाच्या बाटल्यांतही नाही.

राहिल्या त्या ऑफिसच्या कपाटातल्या चार बाटल्या.

म्हणजे एका अर्थी ही चांगलीच बातमी आहे. ती बाटली कुठे आहे ते आता नक्की झालं, आणि ती कुलपात आहे. कुणाच्या हाती लागणार नाही. चेअरमनसाहेब मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेत, किल्ली त्यांच्याजवळ. सोळाला सकाळी येतील. मी त्यांच्या आधी ऑफिसच्या दारात उभी राहणार. फोन केला होता. म्हटलं, “साहेब, दुसरी किल्ली आहे का? त्या चार बाटल्यांचे दोरे बदलायचे राहिलेत.”

ते खळखळून हसले. “ताई, मला ठाऊक आहे, तुमचा डोळा माझ्या सरबतावर आहे. पाहुण्यांचं आहे ते, हात लावायचा नाही. आजोबा झालो, तेवढं ऐका.”

अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. त्यांना सांगायला हवं होतं का? आनंदाच्या घरी?

ताई

१५ एप्रिल

तुझं कार्ड मिळालं. वर्षभरानंतर आठ शब्द.

‘वास नसतो. आजच प्रत्येकाला सांग. वाट बघू नकोस.’

ना मायना, ना खाली नाव. तुझं अक्षर मात्र तसंच, टाचणीसारखं. तू हे कार्ड अकरा तारखेचं पत्र वाचून लिहिलंस की त्याआधीच, फक्त ता. क. वरून? मला वाटतं आधीच. मी वास विचारला तेव्हाच तुला कळलं.

हो, मी सांगितलंय. काळजी करू नकोस. चेअरमनसाहेबांना फोनवर सगळं सांगितलं, ते म्हणाले कपाट मी येईपर्यंत उघडणारच नाही.

उद्याची तयारी चाललीय. भरणघराला चुना दिला. काकांनी फळ्यांना कापडी झालरी शिवल्या, उरलेल्या तुकड्यांच्या. छान दिसतात. बाईंना द्यायला मी दोऱ्यांच्या दोन लडी गुंडाळून ठेवल्यात, एक पिवळी, एक लाल. लाल लडीकडे बघवत नव्हतं म्हणून कागदात गुंडाळली.

तुला कधी असं वाटलंय का, की एखादी चांगली गोष्ट इतकी नाजूक असते की तिच्याबद्दलचं खरं बोललं तरी तिला तडा जाईल? मला वाटतं. नगरपालिकेला नाही म्हणायला एक कारण पुरतं. लोकांना परत पाकिटाकडे वळायला तेवढंही लागत नाही. मी वर्षभर दारोदार हात जोडून हे उभं केलं. माझ्याच हातून ते पडावं?

वरचा एक परिच्छेद खोटा आहे. कुठला, ते तुला कळलं असेल. मी साहेबांना काही सांगितलेलं नाही. पत्र फाडून नव्याने लिहिणार होते, पण कागद वाया जातो.

उद्या सकाळी सातला मी ऑफिसच्या दारात असेन. बाई अकराला येणार. भरपूर वेळ आहे.

ताई

१७ एप्रिल

चिमे,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. हे आपल्या नर्सबाईंचंच हॉस्पिटल. त्यांनी पॅड दिलं, कोरं. पहिल्यांदाच कोऱ्या कागदावर लिहितेय.

मी काल सातच्या आधीच ऑफिसच्या दारात होते. साहेबांचा पत्ता नव्हता. आठ वाजले, नऊ वाजले. फोन लागेना. सव्वानवाला फाटकात गाडी थांबली आणि त्यातून नगरपालिकेच्या बाई उतरल्या. “पुढे एक मीटिंग लागली म्हणून लवकर आले,” म्हणाल्या. “चालेल ना?”

मी दार सोडायला नको होतं. पण त्या सरळ भरणघराकडे निघाल्या आणि मागून जाणारी मीच होते. आत गेल्या आणि थांबल्या. चुन्याचा वास, झालरी, ओळीने बाटल्या. म्हणाल्या, “मी बारा वर्षं कचऱ्याच्या फायली बघतेय. पहिल्यांदा बघवेल असं काहीतरी बघतेय.” मग विचारलं, दोऱ्यांचं काय आहे? आणि मी सांगू लागले. किती वेळ बोलत होते कोण जाणे. बाई वहीत लिहून घेत होत्या. मी बोलत होते, पिवळा म्हणजे निर्धास्त पोटात घ्या, वाचता न येणाऱ्यालाही कळतं, आणि माझं मलाच ते ऐकायला गोड लागत होतं. तेवढा वेळ मी ऑफिस विसरले. खरंच विसरले.

तेवढ्यात साहेब आले. रात्रभर प्रवास करून, कोट घालून. गाडी उभी बघून त्यांची धांदल उडाली. ऑफिस उघडलं, बाटल्या काढल्या. घरी बायको नाही, ती मुलीपाशी. म्हणून त्यांनी चारही बाटल्या काकांच्या हातात दिल्या. “वर काकूंना म्हणावं पटकन सरबत करा, चार माणसांत नाव राहू दे.”

काका वर देऊन खाली भरणघरात आले आणि कौतुकाने म्हणाले, “ताई, सरबत येतंय वरून.”

मी जिना कसा चढले ते मला सांगता येणार नाही.

काकू स्वयंपाकघरात खाली बसल्या होत्या, ओट्याला टेकून. तोंडावर पदर. पातेल्यात नुसतं पाणी होतं आणि कापलेली लिंबं बाजूला. एकच बाटली उघडलेली होती. पातेल्यात ओतण्याआधी त्यांनी चमच्यावर घेतला होता पाक. किती गोड आहे, किती घालायचा, ते बघायला. कुठलीही स्वयंपाक करणारी बाई घेईल तसा. मी दार उघडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हाताने नळाकडे खूण केली. बोलता येत नव्हतं.

चूळ भरायला लावली. नर्सबाईंना हाका मारल्या. त्या घरीच होत्या, धावत आल्या, बघितलं आणि मला विचारलं, “काय होतं त्यात?” मागे जिन्यात साहेब, काका, पहिल्या मजल्यावरच्या सासूबाई. मी म्हटलं, “माहीत नाही.”

चिमे, मी हे म्हटलं. तुला कळायला हवं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तेच विचारलं. तरुण डॉक्टर, घाईत. “काय प्यायल्या त्या? नक्की सांगा. आम्ही काय करायचं आणि काय नाही, ते त्यावर आहे.”

साहेबच पुढे झाले. “डॉक्टर, साधा साखरेचा पाक. आमच्या इमारतीत घातक असं काही मिळतच नाही, त्यासाठी तर आमचं नाव आहे.” आणि मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “ताई, ऊन लागलं असेल. बाईंना मी तेच सांगितलंय. त्या खूश आहेत, दोऱ्यांच्या लडी मागून घेऊन गेल्या. चाळीस इमारतींचा प्रश्न आहे. आत्ता एक शब्द इकडचा तिकडे नको.”

हेच मी तुला पत्रात लिहिलं होतं. जवळजवळ याच शब्दांत. कोट घातलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते कसं वाटतं ते कळलं.

मी परत डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, “कॉस्टिक सोडा. मोरीचा. घट्ट विरघळवलेला, मीच केलेला.” प्रमाण विचारलं, तेही सांगितलं. ते तसेच आत पळाले. मग बाहेरूनच नगरपालिकेत फोन केला, बाईंना म्हटलं, त्या लडी जाळून टाका, पिवळ्या दोऱ्याच्या बाटलीत सोडा निघाला. साहेब भिंतीला टेकून कोटाची बटणं काढत होते.

काकू शुद्धीवर आहेत. अन्ननलिका भाजलीय. गिळता येत नाही, बोलता येत नाही. पुढे येईल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. “आधी हे दोन दिवस जाऊ देत,” एवढंच. ती जीभ, चिमे. त्या जिभेने काल सकाळी मला जिन्यात सांगितलं होतं, “आज तरी केस विंचरा, सरकारी माणूस येतोय.”

काका रात्रभर माझ्या शेजारी बसले होते. पहाटे म्हणाले, “ताई, माझीच चूक.”

“तुमची कशी?” मी विचारलं.

“मीच काढून दिल्या ना फळीवरून. दोरा बघून दिल्या, पिवळा. पण माझे डोळे आता कामातून गेलेत. परवा कुणाच्या तरी निळ्या पँटला काळा दोरा घातला. लाल बाटली मला पिवळी दिसली असणार. तिला मी मारलं, ताई.”

साहेब समोरच्या बाकावर होते. त्यांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं ते काय म्हणतायत. हे असंच राहिलं तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. भरणघरात पिण्याच्या बाटल्या वेगळ्या करता आल्या असत्या. लेबलंसुद्धा लावता आली असती, तू म्हणत होतीस तशी. एका म्हाताऱ्या शिंप्याचे डोळे अधू झाले, एवढीच गोष्ट राहिली असती.

मी म्हटलं, “काका, तुमचे डोळे ठीक आहेत. दोरा पिवळाच होता. मी केला तो पिवळा, लिंबाने. आणि मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं.”

त्यांना आधी समजलंच नाही. मी परत सांगितलं. हळूहळू, सगळं. साली, मोजणी, दारोदार फिरणं, त्यांच्या घरचा चहा, साहेबांना केलेला फोन, नर्सबाईंना दिलेलं उत्तर. मधे एकदा त्यांनी हात वर केला, मी थांबले, हात खाली आला तेव्हा पुढे सांगितलं. माझं संपलं तेव्हा ते आपल्या बोटांकडे बघत होते. सुई टोचून टोचून घट्टे पडलेत त्या बोटांना.

“हे तुम्ही तिला सांगा,” म्हणाले.

“काका, आत्ता त्यांना—”

“तिला ऐकू येतंय. मी सांगणार नाही. माझ्या तोंडून तुमची बाजू निघेल, सवय आहे मला. तुम्हीच सांगा.”

त्यावर ते उठले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. फार लांब नाही. मधे एक माणूस बसेल एवढी जागा आहे.

तू ये. मला सावरायला नको येऊस. घरी सोड्याच्या उरलेल्या बाटल्या आहेत आणि पाकाच्याही, आणि कुठल्याही दोऱ्यावर आता माझा विश्वास नाही. लोक माझ्यावर ठेवणार नाहीत, ठेवूही नये. कुणीतरी एकेक बाटली हातात घेऊन आत काय आहे ते नीट तपासायला हवं, आणि ते तुझं काम आहे. भरणघराचं पुढे काय करायचं ते तू ठरव आणि त्यांना सांग. मी ऐकेन.

आत्ता नर्सबाई आल्यात. एका वेळी एकालाच आत सोडणार म्हणाल्या, पाच मिनिटं. मी काकांकडे बघितलं. ते जागचे हलले नाहीत.

“आधी ताईंना जाऊ द्या,” म्हणाले.

दार उघडं धरलंय नर्सबाईंनी. जाते.